पात्रं लेखकाचं ऐकत नाहीत तेव्हा

चार्ल्स डिकन्सची मुलगी मेमी लहानपणी आजारी होती, तेव्हा वडिलांच्या लिहिण्याच्या खोलीत कोचावर पडून असायची. एकदा वडील लिहितालिहिता ताडकन उठले, आरशाकडे धावले आणि वेडीवाकडी तोंडं करू लागले. लगेच टेबलाकडे धाव, थोडा वेळ झपाट्याने लिखाण, पुन्हा आरसा! मग ते तिच्याकडे वळले. पण ती दिसतच नसल्यासारखे, हलक्या आवाजात भराभर बोलू लागले. कुणाच्या तोंडून? अर्थात, कादंबरीतल्या माणसाच्या.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरची तऱ्हा याहून अजब. त्याची नायिका मादाम बोव्हारी विष घेते तो प्रसंग लिहिताना त्याच्या तोंडाला आर्सेनिकची चव आली आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं, असं त्याने स्वतःच एका पत्रात सांगितलंय. विष कागदावर, उलटी खरी!

ही थोरामोठ्यांची सोंगं म्हणायची का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर लहान मुलांच्या काल्पनिक सवंगड्यांचा अभ्यास करायच्या. ‘तो माझं ऐकतच नाही’ अशी तक्रार मुलं त्या नसलेल्या सवंगड्याबद्दल करतात. मोठ्यांचं काय? टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथा-कादंबरीकारांना विचारलं, तर ९२ टक्के लेखकांना आपलं पात्र आपल्या मनाने वागतंय असा अनुभव कधी ना कधी आला होता. कादंबरीकार फिलिप पुलमन यांना तर एका कादंबरीच्या सुरुवातीला मिसेस कोल्टर या मानी बाईंना गुहेत राहायला राजी करताना वाटाघाटी कराव्या लागल्या. ज्या बाई त्यांनीच निर्माण केल्या, त्यांच्याशी!

हे घडतं कसं? आधी तुमच्याच डोक्यात डोकावा. रात्री साडेअकराला बाहेर पडायचं मनात येतं, आणि आईला विचारण्याआधीच कानात वाजतं, “ही काय वेळ झाली?” अगदी त्याच सुरात, उंचावलेल्या भुवयांसकट. ते वाक्य तुम्ही जुळवलं का? नाही, ते आपसूक आलं. इतकी वर्षं आईला ऐकून तिची एक बोलती प्रत तुमच्या आत तयार झाली आहे, आणि बोलायला तिला तुमची परवानगी लागत नाही.

लेखक हेच करतो, पण कधी जन्मालाच न आलेल्या माणसाच्या बाबतीत! सुरुवातीला तो पात्राचं एकेक वाक्य मुद्दाम ठरवतो. टेलर यांच्या मते पुढे सरावाने हे आपोआप होत असावं. सायकल शिकताना होतं ना, तसं: आधी प्रत्येक पायडलकडे लक्ष, मग पाय आपोआप फिरतात. सराव मुरला की ठरवण्याचं काम जाणिवेच्या आड चालतं आणि वर येतो तो फक्त निकाल. जे घडताना आपण पाहिलं नाही, ते आपलं कसं वाटणार? ते ‘तिचं’ वाटतं.

यातली खरी गंमत अशी, की हे पात्र खोटं आहे याचा लेखकाला सहसा विसर पडत नाही, आणि तरीही ते त्याला चकवतं! म्हणून ‘तुमची नायिका अशी का वागली?’ या प्रश्नावर एखादा लेखक ‘मला काय माहीत!’ म्हणाला, तर तो भाव खातोय असं समजू नका. बहुधा तो अगदी प्रामाणिकपणे सांगत असतो.