कीपरचे नवे ग्लोव्ह्ज रुळवताना

विकेटकीपिंगचे नवे ग्लोव्ह्ज घातले की पहिल्यांदा एकच गोष्ट जाणवते: मूठ वळत नाही. बोटांवर जाड अस्तर, टोकांना कडक टोपणं, तळव्यावर दाणेदार रबर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ताठ पट्टी. हे सगळं सपाट तुकड्यांतून कापून शिवलेलं असतं; चेंडू घेणारा हात मात्र कधीच सपाट नसतो. त्यामुळे नव्या ग्लोव्ह्जमध्ये चेंडू बसत नाही, आदळून बाहेर उडतो. शाळेच्या संघात नुकताच कीपिंगला लागलेला मुलगा अशा वेळी स्वतःच्या हातांना दोष देतो. पुष्कळदा दोष हातांचा नसतोच.

रुळवणं म्हणजे मऊ करणं नव्हे. ही एक गोष्ट पटली की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. 156 ते 163 ग्रॅम वजनाचा चेंडू वेगवान गोलंदाजाकडून येतो तेव्हा बोटांवरचं अस्तर आणि टोकांची टोपणं कडकच हवीत. वाकायला हव्यात त्या दोनच जागा. एक, बोटं तळव्याला मिळतात ती आडवी रेषा. दुसरी, अंगठ्याच्या मुळापासून तळव्यात तिरकी उतरणारी. या दोन घड्या जिथे भेटतात तिथे, बोटांच्या मुळाशी, चेंडू बसेल एवढा खळगा तयार होतो. चेंडू तिथे लागला की बोटं त्याच्याभोवती मिटतात. मनगटाजवळच्या गादीवर लागला की उसळतो.

म्हणून सुरुवात इनरपासून करा. आतले सुती किंवा शॅमी कातड्याचे इनर घालूनच ग्लोव्ह्जचं माप घ्यावं, आणि रुळवतानाही ते हातात असावेत. पोराचा हात वाढतोय म्हणून एक माप मोठं घेण्याची आपली घरोघरची सवय इथे अंगाशी येते. बोटांची टोकं टोपणापर्यंत पोचली नाहीत, तर ग्लोव्ह हाताच्या सांध्यांवर न वाकता भलत्याच जागी वाकतो. तिथे पडलेली घडी पुढे निघत नाही.

पहिले काही दिवस चेंडू झेलूच नका. ग्लोव्ह्ज घालून घरात बसा आणि एकेक बोट दुसऱ्या हाताने तळव्याकडे हळूहळू दाबा, सोडा, पुन्हा दाबा. मग जुना लेदरचा चेंडू खळग्याच्या जागी ठेवून मूठ आवळत राहा. चामडं म्हणजे गुंतलेल्या तंतूंचं जाळं. वारंवार वाकवलं की त्या जागचे तंतू एकमेकांवरून सरकायला मोकळे होतात. हे घाईने होत नाही, पण टीव्ही बघता बघता होतं. रात्री खळग्यात चेंडू ठेवून बोटं त्यावर मिटवावीत आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. पट्टी घट्ट नको, चेंडू पडणार नाही इतपतच. बॅट ठोकायचा लाकडी हातोडा घरात असेल, तर खळग्याच्या जागेवर हलके ठोके द्यायला हरकत नाही. फक्त रबराचे दाणे चिरडतील असा जोर नको.

तेलाबद्दल मात्र ठामपणे सांगायला हवं. नव्या कोल्हापुरी चपलेला तेल चोळायचं, बॅटला जवसाचं तेल लावायचं, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ग्लोव्हलाही तेल लावतात. पण तो ग्लोव्ह तळव्यापर्यंत चामड्याचाच असतो. कीपरच्या तळव्यावर रबर असतं. तेलाने ते फुगतं, सैल पडतं आणि त्याची पकड जाते. म्हणून तेल नको, व्हॅसलीनही नको. गरम पाण्यात बुडवणं, उन्हात टाकणं, हेअर ड्रायर मारणं हेही नको. ओलं चामडं उष्णतेने झपाट्याने वाळलं की तंतू एकमेकांना चिकटतात, आणि ग्लोव्ह पहिल्यापेक्षा कडक होतो.

यानंतर भिंत. आधी टेनिस बॉल, मग जुना लेदरचा, हाताखालून भिंतीवर टाकून परतीला घ्यायचा. बोटं खाली किंवा बाजूला, चेंडूच्या दिशेने कधीच नाहीत. हात चेंडूबरोबर किंचित मागे घ्यायचे. प्रत्येक चेंडू त्याच खळग्यात पडतोय का, हे रबरावरच्या डागांवरून कळतं. डाग मनगटाकडे सरकत असतील तर ग्लोव्ह्जऐवजी पवित्रा तपासा. नेटमध्ये गेल्यावरही आधी फिरकीला उभं राहावं. तिथे ग्लोव्ह मिटतो की नाही याची खरी परीक्षा होते, कारण यष्टिचीत करायला नुसता हात लागून भागत नाही. ज्या हाताने बेल्स उडवायच्या त्याच हातात चेंडू हवा. जानेवारी 1988 मध्ये मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवानींनी पदार्पणात वेस्ट इंडीजचे 16 बळी घेतले. त्याच कसोटीत बडोद्याच्या किरण मोऱ्यांनी सहा जणांना यष्टिचीत केलं, पाच एकाच डावात. खाली राहणाऱ्या, झपकन वळणाऱ्या चेंडूवर हे करायचं तर मिटायला क्षणभरही उशीर करणारा ग्लोव्ह चालत नाही.

अंगठा-तर्जनीमधल्या पट्टीला हात लावू नका. अंगठा पूर्ण ताणला की ती ताठ असली पाहिजे, आणि तिची वरची कड तर्जनीचं टोक व अंगठ्याचं टोक जोडणाऱ्या सरळ रेषेच्या पुढे जाता कामा नये, असं क्रिकेटचे नियमच सांगतात. खळगा मोठा व्हावा म्हणून ती ओढून सैल करणं म्हणजे नियमाबाहेर जाणं.

आपल्याकडे खरी पंचाईत पावसाळ्यात होते. मुंबईत 1948 पासून कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते, आणि ओल्या मैदानावरचा चेंडू ग्लोव्ह्जमध्ये पाणी आणि चिखल दोन्ही घेऊन येतो. घरी आल्याबरोबर इनर बाहेर काढून धुवा. रबर ओल्या फडक्याने पुसा. ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली, सावलीत ठेवा. कागद ओला झाला की बदला. रात्रभर बंद किटबॅगेत राहिले तर घामाचं मीठ चामड्यात सुकतं, बुरशी धरते, आणि इतक्या मेहनतीने पाडलेली घडी पुन्हा ताठते. वाळल्यावर दोन्ही तळवे समोरासमोर, मध्ये चेंडू, असे ठेवून द्यावेत.

ग्लोव्ह्ज पुरते हाताला बसतात तोवर रबराचे दाणे झिजायला लागलेले असतात. त्यामुळे नवी जोडी जुनी फाटायची वाट न पाहता आणावी. सामन्याला जुनी वापरावी, सरावाच्या पहिल्या अर्ध्या तासाला नवी.