मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती : स्वाक्षरी एकाची, विश्वास साऱ्यांचा

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड युटिल्स’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवण्यात आल्याचे २९ मार्च २०२४ रोजी उघडकीस आले. ५.६.० आणि ५.६.१ या त्याच्या दोन आवृत्त्या बाधित होत्या. सुरक्षा त्रुटींची गंभीरता मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत या त्रुटीला १० पैकी १० गुण देण्यात आले. संगणकविश्वाला खरा धक्का बसला तो वेगळ्याच कारणाने. हा चोरदरवाजा कोणी बाहेरून घुसून बसवलेला नव्हता. प्रकल्पाच्या अधिकृत देखभालकर्त्याने रीतसर स्वाक्षरी करून प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीतूनच तो आला होता.

एखादे छोटे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर कोण सांभाळते आणि त्याची नवी आवृत्ती वापरकर्त्यापर्यंत कशी पोहोचते, हा विषय त्यामुळे केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. आपल्या देशातही बँका, दूरसंचार कंपन्या आणि शासकीय कार्यालयांचे कितीतरी सर्व्हर लिनक्सवर चालतात. शासकीय प्रणालींमध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे.

एक्सझेडचे काम तसे साधे आहे. मोठी फाईल दाबून लहान करणे आणि गरज पडेल तेव्हा ती पुन्हा मूळ रूपात उलगडणे, एवढेच ते करते. रशियन तंत्रज्ञ इगोर पावलोव्ह यांनी ‘सेव्हन-झिप’साठी विकसित केलेल्या पद्धतीवर ते आधारलेले आहे. फिनलंडचे लासे कॉलिन यांनी ते घडवले आणि ५.०.० ही पहिली स्थिर आवृत्ती २०१० मध्ये प्रसिद्ध केली. लिनक्सच्या गाभ्याचा मूळ कोडही याच स्वरूपात दाबून वितरित केला जातो. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना या सॉफ्टवेअरचे नावही ठाऊक नसते. ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र अनेक वर्षे प्रामुख्याने एकट्या कॉलिन यांच्यावर होती, आणि तीही विनावेतन.

देखभाल म्हणजे काय?

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, आपली सुधारणा पाठवू शकतो. ती सुधारणा अधिकृत कोडमध्ये घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र एका किंवा मोजक्या व्यक्तींकडे असतो. त्यांना देखभालकर्ते किंवा मेंटेनर म्हणतात. नवे काही लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेले तपासण्यातच त्यांचा अधिक वेळ जातो. आलेली तक्रार खरी आहे का, सुचवलेल्या बदलामुळे जुन्या यंत्रांवर काही बिघडणार तर नाही ना, दहा वर्षांपूर्वी दाबलेली फाईल उद्याही उघडेल ना, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांना रोज द्यावी लागतात. फाईल दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली, तर लोकांची माहिती कायमची नष्ट होऊ शकते. त्यामुळे या क्षेत्रात सावकाशपणा हा गुण मानला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तोच आळस वाटतो.

आवृत्ती प्रसिद्ध करण्याची रीत ठरलेली आहे. कोडच्या सामायिक भांडारात एका ठरावीक टप्प्यावर खूण केली जाते आणि तिला क्रमांक दिला जातो. एक्सझेडमध्ये मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर आणि विषम असेल तर ती चाचणीसाठी, असा संकेत आहे. त्यानंतर देखभालकर्ता आपल्या संगणकावर त्या कोडचा एक गठ्ठा तयार करतो. या गठ्ठ्याला टारबॉल असे नाव आहे. त्यावर तो आपल्या खासगी किल्लीने डिजिटल स्वाक्षरी करतो आणि तो सर्वांसाठी उपलब्ध करून देतो. डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांचे स्वयंसेवक तो गठ्ठा उतरवून घेतात, स्वाक्षरी पडताळतात, त्यातून आपल्या प्रणालीसाठी पॅकेज बांधतात आणि मग ते वापरकर्त्यांकडे जाते.

या साखळीत एक फट होती, आणि ती सर्वांना माहीत होती. भांडारातील कोड आणि गठ्ठ्यातील कोड तंतोतंत सारखा नसतो. सॉफ्टवेअर निरनिराळ्या यंत्रांवर बांधता यावे यासाठी लागणाऱ्या काही फायली आपोआप तयार केल्या जातात आणि त्या फक्त गठ्ठ्यात घातल्या जातात. अशा फायली हजारो ओळींच्या आणि वाचायला अत्यंत क्लिष्ट असतात. भांडारातील प्रत्येक बदल जगाला दिसतो, पण गठ्ठ्यातील या जादा फायली उघडून पाहण्याच्या फंदात कोणी पडत नाही. स्वाक्षरीवरून हा गठ्ठा कोणी बनवला एवढेच कळते. त्यात काय आहे, याची हमी ती देत नाही.

अडीच वर्षांची तयारी

‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या व्यक्तीने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक्सझेडसाठी पहिली सुधारणा पाठवली. ती निरुपद्रवी होती, आणि पुढच्याही अनेक सुधारणा उपयुक्त होत्या. २०२२ मध्ये मात्र काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव आणण्यास सुरुवात केली. कामाचा वेग कमी आहे, प्रकल्पाला नवा देखभालकर्ता हवा, असा त्यांचा धोशा होता. त्यांतील ‘जिगर कुमार’ हे नाव भारतीय वळणाचे आहे, पण त्या नावाची खरी व्यक्ती कधीच पुढे आली नाही. ही सारी बनावट खाती एकाच कटाचा भाग असावीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी या टीकेला उत्तर दिले. आपला रस संपलेला नाही, परंतु दीर्घकाळ चाललेल्या मानसिक अस्वास्थ्यामुळे लक्ष देण्यावर मर्यादा आली आहे, आणि हा विनामोबदला जोपासलेला छंद आहे हे ध्यानात घ्यावे, असे त्यांनी नमूद केले. एका थकलेल्या माणसाने इतक्या प्रांजळपणे आपली स्थिती सांगितल्यावर समोरून सहानुभूती अपेक्षित होती. तिच्याऐवजी आणखी दडपण आले. पुढे जिया टॅनकडे एकेक अधिकार जात राहिले. जानेवारी २०२३ मधील ५.४.१ ही त्या काळात कॉलिन यांनी स्वतः बांधलेली शेवटची आवृत्ती ठरली. मार्चमध्ये आलेल्या ५.४.२ वर टॅनची स्वाक्षरी होती.

प्रकल्प एकाच माणसावर अवलंबून असू नये, दुसरा देखभालकर्ता तयार करावा, हा सल्ला या क्षेत्रातील प्रत्येक जाणकार देतो. कॉलिन यांनी नेमके तेच केले होते. त्यामुळे त्यांना निष्काळजी ठरवणे अन्यायाचे होईल. अडीच वर्षे चोख काम करून दाखवणाऱ्या सहकाऱ्यावर अविश्वास दाखवायचा कोणत्या आधारावर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये डाव टाकण्यात आला. सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या काही नमुना फायली ठेवण्याची पद्धत असते. अशा फायलींतील मजकूर माणसाला वाचता येत नाही, आणि घातक कोड तिथेच दडवला गेला. तो बाहेर काढून सॉफ्टवेअरमध्ये मिसळणारा मजकूर भांडारात नव्हताच. तो होता फक्त २४ फेब्रुवारीला निघालेल्या ५.६.० च्या गठ्ठ्यातील जादा फाईलमध्ये. भांडारावर कोणी कितीही नजर ठेवली असती, तरी हा दुवा त्याला सापडला नसता.

लक्ष्य होते दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश देणारे ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर. त्याचा एक्सझेडशी थेट संबंध नाही. मात्र काही लिनक्स वितरणांनी आपल्या सोयीसाठी केलेल्या फेरफारांमुळे एक्सझेडची लायब्ररी त्यात ओढली जात असे. ज्याच्याकडे विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्याला या चोरदरवाजातून बाधित सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

अर्ध्या सेकंदाचा विलंब

हे उघड केले आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या विकासकांपैकी एक असून त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्ये कार्यरत होते. डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेताना, अपयशी ठरणारे प्रवेशाचे प्रयत्न संगणकाची जास्तच शक्ती खात असल्याचे त्यांना जाणवले. एरवी सुमारे ०.३ सेकंदात होणाऱ्या कामाला ०.८ सेकंद लागत होते. दुसऱ्या कोणी हे सोडून दिले असते. फ्रॉइंड यांनी मागोवा घेत घेत एक्सझेड गाठले आणि तपशीलवार माहिती जाहीर केली. तोपर्यंत बाधित आवृत्त्या फेडोरा, डेबियन व ओपनसूसे यांच्या प्रामुख्याने विकासाधीन किंवा अतिनव्या शाखांत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत त्या गेल्या नव्हत्या. जिया टॅन हे खाते त्यानंतर गप्प झाले. त्यामागे कोण होते, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

यावर उपाय म्हणून पैशाची चर्चा सर्वाधिक झाली. ती नवी नव्हती. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटरनेटच्या मोठ्या भागाची सुरक्षा सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत असल्याचे समोर आले होते. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी सुरू केला. बेंगळुरूच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्पांना दरवर्षी एकूण १० लाख डॉलर देण्याची ‘फ्लॉस फंड’ ही योजना जाहीर केली. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तरीही एक्सझेडच्या बाबतीत केवळ धनादेश पुरला असता असे वाटत नाही. तिथे उणीव होती ती वेळ देऊन कोड वाचणाऱ्या विश्वासू माणसांची, आणि ती पैशाने लगेच भरून निघत नाही.

काही तांत्रिक सुधारणा मात्र तातडीने झाल्या. आर्च लिनक्सने एक्सझेडचे पॅकेज गठ्ठ्याऐवजी थेट भांडारातील कोडवरून बांधण्यास सुरुवात केली. एकाच कोडवरून कोणीही, कुठेही बांधले तरी अक्षरशः तीच फाईल तयार व्हावी, या जुन्या आग्रहालाही नव्याने बळ मिळाले. युरोपीय संघाचा सायबर लवचिकता कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. मुक्त सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात वापरणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या सुरक्षेची जबाबदारी त्याद्वारे येणार आहे.

एक्सझेडची सूत्रे पुन्हा कॉलिन यांच्याकडे आली. संशयास्पद बदल तपासून त्यांनी २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. मार्च २०२५ मध्ये ५.८.० आली. तिच्यात, तसेच आधीच्या काही वर्षांच्या आवृत्त्यांत, फाईल उलगडण्याच्या भागात एक त्रुटी आढळली. ही साधी, कोणाच्याही हातून होणारी चूक होती. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात ५.८.१ प्रसिद्ध करून ती दुरुस्त करण्यात आली.