स्पीकर, भिंती आणि खर्ज

बंद खोलीत स्पीकरचा ध्वनी कानापर्यंत दोन वाटांनी येतो: एक थेट, दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटून. राहत्या घरात परतून आलेल्या ध्वनीचा वाटा बहुधा थेट ध्वनीपेक्षा मोठा असतो. म्हणूनच स्पीकरची महागडी जोडीही उघड्या टाइल्सच्या रिकाम्या खोलीत कर्कश वाटते.

खोलीतल्या ध्वनीच्या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबिन यांनी घातला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहातील दोष काढण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे सोपवले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे आणि पुढचे शब्द त्यावर चढत. सॅबिन रात्रीच्या शांततेत सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून पसरत, ऑर्गनची नळी वाजवत आणि ध्वनी विरेपर्यंतचा वेळ मोजत. गाद्या वाढल्या की वेळ घटे. यातून निघालेला नियम असा: निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल याच गणितावर उभे राहिले.

घरातल्या खोलीला हा नियम अर्धाच लागू पडतो. साधारण २५० हर्ट्झच्या खाली खोलीच्या मापांचे राज्य सुरू होते. समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर तरंगलांबीच्या निम्मे झाले की त्यांच्यामध्ये स्थिर तरंग उभा राहतो. बारा फुटांच्या लांबीत तो सुमारे ४७ हर्ट्झला उभा राहतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झला. छतही दहा फुटांवर असेल तर दोन तरंग त्याच ५६ हर्ट्झवर साचतात. चौरस खोली त्रासदायक ठरते ती यामुळेच. अशा खोलीत डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या मींडेत मधलाच एखादा स्वर फुगतो आणि पुढचा विरून जातो. अमेरिकी पुस्तकांतले सल्ले पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या भिंती गृहीत धरतात. त्या भिंती थोड्या हलतात आणि काही खर्ज शोषतात किंवा बाहेर सोडतात. मुंबई-पुण्यातल्या विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब तो जवळजवळ पूर्ण परत फेकतात. इथल्या घरांत खर्जाचा प्रश्न अधिक बिकट आहे आणि उपायाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे मांडणी. दोन स्पीकर आणि श्रोता समभुज त्रिकोणाच्या टोकांवर असावेत, ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा आणि डावी-उजवी बाजू शक्य तितकी सारखी असावी. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेला खर्ज थेट ध्वनीला छेद देतो. स्पीकर आणि या भिंतीमधले अंतर ६० सेंटिमीटर असेल तर आवाजात सुमारे १४३ हर्ट्झला खड्डा पडतो, एक मीटर असेल तर ८६ हर्ट्झला. मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे सारखी ठेवली तर दोन्ही खड्डे एकाच जागी पडतात, म्हणून ती वेगळी हवीत. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नये, कारण लांबीतला पहिला स्थिर तरंग तिथे ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीला टेकवली तर तोच तरंग दणदणतो. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून पाहण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला तो ठीक, पुढे कानानेच ठरवावे.

मग भिंतींची पाळी. एकाने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. खुर्चीत बसलेल्याला त्यात स्पीकर दिसला, की ते पहिल्या परावर्तनाचे ठिकाण. तिथे शोषक लावावा असा रिवाज आहे, पण तो सरसकट पाळण्याचे कारण नाही. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले, की थोड्या मिलिसेकंदांनी उशिरा आलेले परावर्तन कान मूळ ध्वनीतच मिसळून घेतो. फ्लॉइड टूल यांच्या कॅनडातील प्रयोगांनंतर तर, बाजूलाही सारखाच स्वच्छ ध्वनी देणाऱ्या स्पीकरची बाजूची परावर्तने अनेकांना सुखद वाटतात, हे मान्य झाले आहे. तिथे पुस्तकांचे भरलेले कपाट ध्वनी विखुरण्याचे काम चांगले करते.

शोषकाच्या बाबतीत जाडीच निर्णायक असते. १०० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर, तिचा चौथा भाग ८६ सेंटिमीटर. एक इंचाचा फोम तिला काहीच करू शकत नाही. अंड्यांचे ट्रे तर भिंतीवर लावूच नयेत: खर्ज तसाच राहतो आणि आगीचा धोका मात्र वाढतो. गालिचा आणि पडदे फक्त वरचे स्वर खातात, त्यामुळे नुसत्या त्यांनी भरलेली खोली बोदी आणि तरीही घुमणारी होते. सर्व स्थिर तरंगांचा दाब कोपऱ्यांत सर्वाधिक असतो. म्हणून तिथे रॉकवूलचे चार इंच किंवा त्याहून जाड पट्टे मागे पोकळी ठेवून, फरशीपासून छतापर्यंत उभे करावेत. त्यांवरचे कापड फुंकर आरपार जाईल इतके विरळ हवे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिथे ही पोकळी बुरशीपासूनही बचाव करते. कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी केली तरी फरक कळतो.

शेवटी मोजमाप. मापनाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड ही मोफत आज्ञावली असली की खोलीचा आलेख समोर येतो. त्यातले उंचवटे इक्वलायझरने कापता येतात. छेदामुळे पडलेला खड्डा मात्र भरत नाही, कारण थेट ध्वनी वाढवला की परतणाराही तितकाच वाढतो. तिथे खुर्ची किंवा स्पीकर अर्धा फूट सरकवावा आणि पुन्हा मोजावे. नवा अँप्लिफायर घेण्याचा विचार त्यानंतर करावा.