काचबिंदू : थेंब का चुकतात?

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुधा डोळा दुखत नाही, समोरचे स्वच्छ दिसते; साहजिकच रोजच्या थेंबांबाबत हयगय होते. गेलेली दृष्टी मात्र परत मिळत नाही.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने अशा रुग्णांसाठी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित साहाय्यकाने प्रत्येकाची तीनदा भेट घेतली व मधल्या काळात दूरध्वनीवरून विचारपूस केली. उपदेशापेक्षा ऐकण्यावर भर होता : विसर पडतो, खर्च परवडत नाही, की थेंब गालावरच ओघळतो? आठवणीसाठी इलेक्ट्रॉनिक सूचनाही होत्या. ३९ रुग्णांत वेळेवर घेतलेल्या औषधाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. अर्थात, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.