निधनवार्तेतील माणसे

गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेला मृत्युलेख अजूनही वाचला जातो. पण आगरकर काय किंवा पुढे रानडे, गोखले काय, ती माणसे मरणाआधीच मोठी होती. गल्लीतला सुतार, जिल्हा परिषदेचे निवृत्त गुरुजी, एसटीचा वाहक यांच्या जाण्याची दखल घ्यायला स्थानिक बातमीला मान मिळावा लागला. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने १९३२पासून पुण्यात शहरातल्या साध्यासुध्या घडामोडींना महत्त्व दिले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतली दैनिके वाढली, तसे ‘निधन’ हे सदर अनेक घरांत अग्रलेखाच्या आधी वाचले जाऊ लागले. त्यात झळकणाऱ्या बहुतेकांच्या आयुष्याबद्दल छापून आलेला एवढाच काय तो मजकूर असतो. म्हणून त्याकडे शिष्टाचार म्हणून न पाहता नोंद म्हणून पाहायला हवे.

यावर पहिला आक्षेप साच्याचा. ‘अल्पशा आजाराने निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. नाव बदलले की बातमी तयार. आक्षेप खरा आहे, पण साचेबंद बातमीतही कोरडा तपशील बरेच सांगून जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या अंकात एकाखाली एक नोंदी असतात: कुणाचे रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी, कुणाची जियारत, कुणाचा जलदानविधी. एरवी वेगवेगळ्या वस्त्यांत राहणारे लोक या एका रकान्यात शेजारी येतात. ‘मूळ रा.’ या दोन शब्दांमागे गाव सोडल्याची हकिगत असते. ‘निवृत्त गिरणी कामगार’ यातली गिरणीची ओळख १९८२च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर नव्याने फारशी कुणाला मिळालीच नाही. ती वाहणारी शेवटची पिढी आता याच सदरातून जाते आहे. ‘मरणोत्तर नेत्रदान करण्यात आले’ एवढ्या वाक्यातून त्या घराने घेतलेला निर्णय कळतो. विशेषणे मात्र काहीच सांगत नाहीत. मनमिळाऊ, परोपकारी, धार्मिक वृत्तीचे कोण नसते?

विशेषणांचा हा मारा सर्वांत जास्त बायकांवर होतो. ‘अमुक बँकेचे व्यवस्थापक तमुक यांच्या त्या मातोश्री होत’ या वाक्यात बातमी मुलाची असते, मरण तेवढे आईचे. तिने तीस वर्षे खानावळ चालवली असेल, दुसऱ्याच्या रानात भांगलण केली असेल, गल्लीतल्या बाळंतिणींना शेक-शेगडी केली असेल. छापून येते ते ‘प्रेमळ’. वार्ताहर म्हणतील, जागा चार ओळींची, माहिती घरचे देतात, आणि रात्री पान लावायच्या घाईत दु:खात असलेल्या माणसाला खोदून विचारणे बरे दिसत नाही. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. जागेचा नाही. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृतांची छोटी शब्दचित्रे छापली. त्यांत हुद्द्यापेक्षा एखादी सवय, एखादा छंद यांना जागा होती. त्यांतले सगळेच फार गोड दिसतात अशी टीका झाली आणि ती गैर नव्हती. तरी माणसे एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात. मराठी निधनवार्तेत ‘प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या’ ही ओळ काढली, तर त्याच जागेत ‘मंडईत भाजीचा गाळा चालवत’ सहज बसते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: ज्याच्यासाठी वार्ताहराला फोन करणारे कुणी नाही, तो या सदरात येतच नाही. शिवाय पैसेवाल्यांच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या जाहिराती शेजारीच पाव पान अडवून बसतात, आणि त्यांत कधीकधी गेलेल्यापेक्षा शोक करणाऱ्या नेत्यांचेच फोटो जास्त. तेव्हा या रकान्यातून गावाची मोजदाद होणार नाही. पण अपुरी नोंदही उपयोगी पडते. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत गुजराती दैनिकांची श्रद्धांजलीची पाने वाढत गेली, तेव्हा कोरोनाबळींच्या सरकारी आकड्यांबद्दलची शंका त्या पानांमुळे बळावली होती. मृत्यूची खबर आता व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभरात पोहोचते, आणि अंत्ययात्रेची वेळ कळण्यासाठी कुणी उद्याच्या अंकाची वाट पाहत नाही. मग वेळ कळवण्याच्या कामातून मोकळ्या झालेल्या त्या ओळीत वार्ताहराने घरच्यांना एकच गोष्ट विचारून लिहावी: दिवसभर त्या काय काम करायच्या?