अब्बांची खिदमत कुणाची?

शाबान महिन्यात आमच्या अब्बांना लकव्याचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. बोलणे मात्र शाबूत राहिले, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही पाच भावंडे. थोरला भाऊ मुंब्र्यात, मधला दुबईत, धाकटा खेडजवळ गावच्या घरी. दोघी बहिणी सासरी, एक चिपळूणला आणि एक पनवेलला. अम्मींचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली.

पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे जमलो. रडलो, दुआ केल्या. दुबईच्या भावाने लगेच पैसे पाठवले. लोखंडी खाट आली, हवेची गादी आली. मग ज्याची त्याची रजा संपली आणि आम्ही परतलो. अब्बांची सोय लागली, असे आम्हाला वाटले. ती सोय म्हणजे धाकट्या भावाची बायको होती.

भावाचे बाजारात दुकान. तो सकाळी आठला जायचा, इशानंतर घरी यायचा. मधल्या साऱ्या वेळात अब्बांना भरवणे, कूस बदलणे, चादरी धुणे, मलमूत्राचे पाहणे सगळे भावजयीवर, शिवाय तिची दोन शाळकरी मुले. आम्ही रोज फोन करायचो आणि विचारायचो, "अब्बांना नीट बघतेस ना?"

ईदला सगळे गावी आलो. अब्बांच्या हाताचा बोसा घेतला, शीरखुर्मा भरवला, फोटो काढले. त्यांचे ओठ सुकलेले होते. ते आमच्यापैकी कुणालाच दिसले नाहीत.

ईदनंतर पंधरा दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीला जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी विचारले, "हे पाणी किती पितात?" भावजय म्हणाली, "मी ग्लास भरून देते, ते दोन घोट घेतात आणि नको म्हणतात." त्या रात्री थोरली बहीण अब्बांच्या उशाशी बसली. तिने पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा ते हळूच म्हणाले, "पाणी प्यायलो की सुनेला हाक मारावी लागते. तिच्या हातून ते करून घ्यायची लाज वाटते गं, बाय."

तीन मुलांचा बाप तहानलेला राहत होता, कारण हाक मारायला एकही मुलगा जवळ नव्हता.

हुकूम कुणाला आहे?

पवित्र कुरआनच्या सूरह बनी इसराईलमध्ये अल्लाहच्या इबादतीच्या आज्ञेला जोडूनच मातापित्यांशी सद्वर्तनाची आज्ञा आली आहे. ते म्हातारे झाले तर त्यांच्यापुढे 'उफ्' देखील काढायला मनाई आहे. लहानपणी त्यांनी आपल्याला वाढवले, त्याची आठवण ठेवून त्यांच्यासाठी दुआ करायला शिकवले आहे. ही आयत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण ती कुणाला उद्देशून आहे, याचा विचार त्या रात्री प्रथमच केला. ती अपत्याला उद्देशून आहे. अब्बांनी लहानपणी भावजयीला वाढवले नव्हते, आम्हाला वाढवले होते.

हदीसमध्ये येते की, एक माणूस जिहादला जाण्याची परवानगी मागायला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आला. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, आईवडील हयात आहेत का? तो हो म्हणाला. तेव्हा त्यांच्या सेवेतच पराकाष्ठा कर, असे त्याला सांगण्यात आले. बायकोला त्यांच्यापाशी ठेव आणि तू जा, असे सांगितले नाही.

सासूसासऱ्यांची सेवा हे सुनेवरचे शरई बंधन नाही, असे अनेक उलेमा स्पष्ट सांगतात. ती करते तो तिचा एहसान, आणि त्याचा अज्र अल्लाहकडे आहे. आम्ही मात्र एहसानाला कर्तव्य ठरवले आणि आमचे कर्तव्य दरमहा पैसे पाठवून फेडले.

देशाचा कायदाही मुलांकडेच बोट दाखवतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी 2007 साली झालेल्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर जबाबदारी टाकली आहे. दुर्लक्षित आईवडिलांना त्यासाठीच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतले आणि मग सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्दही होऊ शकते. अडचणीतल्या ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत फोन क्रमांक आहे. पण अब्बांनी तिथवर जावे, अशी वेळ कोणत्या लेकरांना आवडेल?

वाटणी

वडिलांच्या मिळकतीत कुणाचा किती हिस्सा, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. आम्ही त्यांच्या आजारपणाचे हिस्से करायला बसलो.

धाकट्याने दुकान तासभर उशिरा उघडायचे ठरवले. फजरनंतर अंघोळ, तहारत आणि कपडे तोच करतो, आणि जोहरला घरी येतो. दुपारसाठी गावातलाच एक माणूस पगारावर ठेवला. तो पगार दुबईचा भाऊ देतो. शिवाय वार्षिक सुट्टीतले पंधरा दिवस अब्बांच्या खाटेशेजारी झोपायचे, हेही त्याने कबूल केले. थोरला दर दुसऱ्या शनिवारी मुंब्र्याहून येतो आणि ते दोन दिवस भावजय माहेरी जाते. बहिणी महिन्यातून एकेक आठवडा येतात. औषधे, ताप, कूस बदलल्याची वेळ सगळे एका वहीत लिहिले जाते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, टाचेला जखमा होतात, हे आम्हाला आता कळले.

सगळ्यात सोपी गोष्ट सुचली ती पनवेलच्या बहिणीला. अब्बांचा उजवा हात चांगला आहे. तिने लघवीची बाटली खाटेच्या उजव्या बाजूला अडकवली. वजू जमत नाही तेव्हा तयम्मुम आणि इशाऱ्याने नमाज, हे मशिदीच्या इमामसाहेबांनी येऊन समजावले. खाट किब्लारुख केली.

मग थोरल्या बहिणीने भावजयीची माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काम जड नव्हतं, आपा. तुम्ही फोनवर 'नीट बघतेस ना' विचारायचात, ते जड व्हायचं. मी जेवले का, ते कुणीच विचारलं नाही."

आता फोन केला की आम्ही आधी तिची खुशाली विचारतो, मग अब्बांशी बोलतो. अब्बा उठून चालतील, असे डॉक्टर म्हणत नाहीत. पण ग्लास रिकामा करून ते स्वतःच सांगतात, "भरून ठेव."

वाचकहो, आपल्या घरात कुणी वृद्ध अंथरुणाला खिळले असेल, तर एकदा जवळ बसून विचारा, पाणी का पीत नाही? आणि ज्या घरात सून एकटी राबते आहे, त्या घरच्या लेकालेकींनी आपला हिस्सा मागून घ्यावा. आईवडिलांची खिदमत स्वतःच्या हातांनी करण्याची तौफीक अल्लाह आम्हा सर्वांना देवो. आमीन.