अंगणावरचा गोंगाट

दिवस मावळून काळोख पडलाय. जूनचा पहिला दमदार पाऊस दुपारीच पडून गेलाय. चिऱ्याच्या गडग्यातून अजून पाणी झिरपतंय. गडग्यापलीकडच्या खांबावरचा दिवा लागतो आणि बघता बघता त्याच्याभोवती वाळवी जमते, पंख फुटलेली, शेकड्यांनी. उद्या सकाळी अंगणात नुसत्या पंखांचा केर असेल. पण तिच्या मागोमाग पाकोळ्याही, म्हणजे चिमुकली वटवाघळं, आल्या आहेत. अंगठ्याएवढं अंग, वेडंवाकडं उडणं. उजेडात क्षणभर दिसतात, पुन्हा काळोखात.

प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची पायरीवर शेजारी बसली आहे. तिच्या हातात ट्रान्झिस्टरएवढं यंत्र आहे. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं माझ्या.

"मामा, पंचेचाळीसवर लावलंय. आता बोलू नकोस."

पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस हजार कंपनं, सेकंदाला. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत पोचतो, माझा या वयात तेवढाही नाही. पाकोळी ओरडते त्यात यंत्र आपला एक सूर मिसळतं आणि दोहोंतला फरक तेवढा कानात सोडतं.

टप्. टप्. टप्.

ओल्या पत्र्यावर थेंब पडावेत तसा आवाज. सेकंदाला दहाएक. पाकोळी नुसती चाचपतेय, पुढे काही आहे का. एवढ्याशा जिवाची ही हाक तिच्या तोंडाशी मोजली तर शंभर डेसिबलच्याही वर जाते म्हणे. म्हणजे पन्नास वर्षं मी ज्याला गावाकडची शांतता समजत आलो, ती खरं तर कोकलण्याने भरलेली होती.

टप्-टप्-टप्. ठोके जवळ येऊ लागतात. भाची बोट वर करते. एक पाकोळी दिव्याच्या कडेने वळली आहे. टपटपटप, टटटट, आणि मग एकदम टर्रर्र! मांजरपाट फाडावा तसा. पाकोळी गिरकी घेते, शेपटीकडची पातळ कातडी झोळीसारखी पुढे ओढते, तोंड त्यात खुपसते. एक वाळवी कमी. अर्ध्या सेकंदाची शांतता. मग पुन्हा टप्. टप्.

"मघाशी दहा, शेवटी दोनशेच्या आसपास," भाची कुजबुजते. मी मनात हिशेब करतो. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो. वाळवी तीन मीटरवर असली तर प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. वीतभर अंतरावर आली की हजाराव्या भागाच्या आसपास. आधीची हाक परत आल्याशिवाय पुढची टाकून चालत नाही, दोन्हींची सरमिसळ होईल. म्हणून लांबून सावकाश, जवळून घाई. एवढा बारीक सूर कशाला, तेही उमगतं. या आवाजाची एक लाट जेमतेम सात-आठ मिलिमीटरची. आपल्या घोगऱ्या हाकेची लाट एवढ्याशा किड्याला वळसा घालून निघून जाईल, काही परत आणणार नाही.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. 1790च्या दशकात इटलीच्या स्पालांझानीने पाहिलं, की डोळे गेले तरी वटवाघूळ नीट उडतं. जिनिव्हाच्या ज्युरीनने वटवाघळांचे कान बुजवले, तेव्हा मात्र ती आदळली. तरी ऐकतात काय, ते कुणाला सांगता येईना. 1938मध्ये हार्वर्डला डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वटवाघळांचा पिंजरा प्राध्यापक पिअर्स यांच्या यंत्रापुढे नेऊन ठेवला, आणि यंत्र बोललं. कान बुजवण्यापासून तिथवर पोचायला सुमारे दीडशे वर्षं!

जांभळीवरून एक मोठं वटवाघूळ संथपणे जातं, गरुडासारखं. इअरफोनमध्ये काहीच नाही. "ते फळखाऊ," भाची म्हणते. "त्याचं काम डोळ्यांवर आणि नाकावर."

आता एक पतंग दिव्याकडे येतोय. मागून ठोके दाट होत येतात. मी श्वास धरतो. आणि पतंग पंख मिटून दगडासारखा खाली पडतो, थेट तुळशीपाशी. पाकोळी त्याच्या रिकाम्या जागेवरून निघून जाते. टर्र अर्धवटच राहते.

"ऐकलं त्याने," भाची हसते. "कित्येक पतंगांना कान असतात. यांची हाक टिपणारे."

माझ्या कानांना यंत्र लागतं, आणि या नखाएवढ्या पतंगाला फुकटात ऐकू येतं! थोडा राग येतो, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात वीज जाते. पहिल्या पावसात जायचीच. खांब, जांभूळ, गडगा, सगळं पुसलं जातं. मला माझा हातही दिसत नाही. कानात मात्र काही बदललेलं नाही. टप्, टप्, टपटप. उलट ठोके वाढलेच असावेत. कपाळावरून वाऱ्याची झुळूक सरकते, इतक्या जवळून की आजीचं 'केसांत अडकतात हो' आठवून मान आपोआप खाली जाते. कसली अडकतेय पाकोळी. तिला माझा केस न् केस ऐकू येत असणार.

घरातून बहिणीचा आवाज येतो. "अगं, काळोखात इतकी गप्प काय बसलात दोघं?"

भाची उत्तर देत नाही. टर्रर्र.